जॉबरचा धाक : मुंबईच्या गिरण्यांतील एक विस्मृत व्यवस्था

१/ वरिष्ठांची दमदाटी हा आज कार्यालयांतील चर्चेचा विषय आहे. परंतु धाकावरच काम चालवणारी एक व्यवस्था मुंबईच्या गिरण्यांत कित्येक दशके नांदली. हा धागा तिच्याविषयी.

२/ कावसजी दावर यांच्या सूतगिरणीची स्थापना १८५४ची. उत्पादन १८५६मध्ये सुरू झाले. पुढे रत्नागिरी, सातारा या भागांतून हजारो माणसे गिरण्यांत आली. त्यांची भरती व्यवस्थापक नव्हे, तर खात्याचा जॉबर करी. स्त्रियांच्या खात्यांत हाच अधिकार नाईकिणीकडे असे.

३/ कामावर घेणे, कामावरून काढणे, रजा देणे, बदलीवाल्याला उभे करणे, सारे त्याच्या हाती. त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. शिवी ऐकून गप्प बसण्याचे कारणही हेच : उलट बोलणाऱ्याचा साचा उद्या दुसऱ्याला मिळे, आणि दाराशी बदलीवाले रोज ताटकळत असत.

४/ तथापि जॉबरला केवळ खलपुरुष ठरवणे अनैतिहासिक ठरेल. पुष्कळदा तो गाववाला असे. खोली मिळवून देई, वाण्याकडे शब्द टाकी, अडीनडीला कर्ज देई. म्हणूनच जाच अधिक खोल जाई. ज्याने डोक्यावर छप्पर दिले, त्याच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची? गिरणीतील भीती कामगारासोबत चाळीपर्यंत येई.

५/ कायद्याचा आधारही तोकडा होता. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढांच्या तासांना मर्यादा नव्हती.

६/ सप्टेंबर १८८४मध्ये ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवली. मागण्या पाहा : रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी कामगाराला साहाय्य. १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

७/ या मागण्या घड्याळाच्या आणि पैशाच्या होत्या. त्या मोजता येत होत्या, म्हणून मागता आल्या. अपमान मात्र मोजता येत नव्हता. रविवार मिळाला, तरी सोमवारी दाराशी जॉबर तोच होता.

८/ १९३१च्या अहवालात शाही श्रम आयोगाने जॉबरांच्या लाचखोरीवर बोट ठेवले आणि भरतीचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५पासून मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या भरतीला नियमांच्या चौकटीत आणण्यास आरंभ केला. जॉबरचे वर्चस्व हळूहळू ओसरू लागले.

९/ आयोगाने जॉबरांना सौजन्याचे धडे द्या असे सुचवले नाही. त्याने अधिकाराच्या वाटणीत हात घातला. दमदाटीचा उगम एखाद्याच्या तापट स्वभावात असेलही, पण ती टिकते ती एकाच माणसाच्या हाती दुसऱ्याची भाकरी असते म्हणून. आपल्यापैकी अनेक जण लवकरच पहिल्या नोकरीवर रुजू होतील. तेथे तक्रार ऐकणारा आणि नोकरीवरून काढणारा एकच आहे का, एवढे अवश्य पाहा.

धागा समाप्त.