बेवारस देह आणि ग्रंथाचे धनी

शास्त्राला जात नसते असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. ते खरेच आहे. जंतूला जात नाही, रक्ताला जात नाही, क्ष-किरणाच्या काचेवर पडणाऱ्या बरगडीच्या सावलीला जात नाही. परंतु शास्त्र लिहिणाऱ्याला, ते छापणाऱ्याला आणि ज्याच्या देहावर ते शिकले जाते त्याला समाज असतो. आणि जिथे समाज असतो तिथे उतरंडही असते. वैद्यकशास्त्रातल्या चित्रांचा, म्हणजे माणसाचे शरीर आतून कसे दिसते हे दाखवणाऱ्या आकृत्यांचा इतिहास वाचताना ही उतरंड स्पष्ट दिसते. तो इतिहास वाचताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. देह कोणाचा? हात कोणाचा? नाव कोणाचे?

हे प्रश्न आज वाशीममध्ये विचारायला विशेष कारण आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचे एक होते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव देऊन २०१८ साली जी यादी झाली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी वाशीम एक. अशा जिल्ह्यात डॉक्टर घडवण्याची सोय झाली ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वैद्यकीय शिक्षणाचा पहिला धडा असतो शरीररचनाशास्त्राचा, आणि तो धडा मृतदेहावर गिरवला जातो.

वाशीमला लेखनाचा इतिहास नवा नाही. हे वाकाटकांच्या एका शाखेचे राजधानीचे गाव, वत्सगुल्म. विंध्यशक्ती दुसरा ह्याचा ताम्रपट इथेच सापडला. अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. देणाऱ्या राजाचे नाव त्यात आहे, घेणाऱ्यांची नावे आहेत. त्या गावच्या मातीत राबणारे हात मात्र दानाच्या मालाबरोबर, मुकाट्याने, हस्तांतरित झाले. ताम्रपटाची ही रीत ताम्रपटाबरोबर संपली असे कोणी समजू नये. आधुनिक शास्त्राच्या छापील ग्रंथातही ती कशी उतरली, हे पाहण्यासाठी वाशीमहून मुंबईला आणि मुंबईहून लंडनला जावे लागेल.

१८५८ साली लंडनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. पृष्ठे साडेसातशे, आकृत्या ३६३. लेखक हेन्री ग्रे. पुढे हा ग्रंथ ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ ह्या नावाने जगभर गेला, आणि दीडशेहून अधिक वर्षे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. परंतु ज्या आकृत्यांमुळे तो विद्यार्थ्यांच्या हाती टिकला, त्या ग्रेने काढलेल्या नाहीत. त्या काढल्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ह्या तरुण डॉक्टरने. मृतदेहाचे विच्छेदन दोघांनी मिळून केले; आकृत्या कार्टरने थेट लाकडी ठशांवर उलट्या काढल्या, आणि बटरवर्थ अँड हीथ ह्यांच्या कारागिरांनी त्या कोरल्या. पूर्वीच्या पुस्तकांत अवयवाला आकडा देऊन त्याचे नाव खाली तळटीपेत द्यायची पद्धत होती. कार्टरने नाव अवयवावरच लिहिले. शिर कोणती, स्नायू कोणता, हे विद्यार्थ्याला बघताक्षणी कळू लागले.

मोबदल्याचा हिशेब असा. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड. कार्टरला एकदाच १५० पौंड, पुढच्या एकाही आवृत्तीत वाटा नाही. मुखपृष्ठाच्या कच्च्या छपाईत दोघांची नावे सारख्या टाइपात जुळवलेली होती. कार्टरच्या नावाचा टाइप लहान करावा असे ग्रेने स्वतःच्या हाताने सुचवले. तसे झाले. गोऱ्या माणसांच्या, एकाच धर्माच्या, एकाच व्यवसायाच्या दोन डॉक्टरांतही विचार करणारा वरचा आणि हाताने काम करणारा खालचा, अशी वर्णव्यवस्था उभी राहिली! बुद्धीचे श्रम श्रेष्ठ आणि हाताचे श्रम कनिष्ठ हे तत्त्वज्ञान फक्त मनुस्मृतीत सापडते असे नाही.

परंतु कार्टरवर झालेल्या अन्यायाची कथा इंग्रजीत आता सांगितली गेली आहे. तिच्याखाली आणखी एक थर आहे, आणि आपले लक्ष तिकडे गेले पाहिजे. ह्या ३६३ आकृत्यांसाठी देह कोणाचे वापरले? १८३२ पूर्वी इंग्लंडमध्ये विच्छेदनासाठी कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह मिळत. ते पुरत नसत म्हणून थडगी उकरून देह चोरले जात. १८३२ च्या कायद्याने ही चोरी थांबवली आणि त्याऐवजी अनाथालये, इस्पितळे आणि दरिद्र्यांसाठीची वर्कहाऊस नावाची आश्रयस्थाने ह्यांत मेलेल्या, कोणी न नेलेल्या गरिबांचे देह विच्छेदनगृहांना दिले. जी खुनाची शिक्षा होती ती गरिबीला लागू झाली. त्या ग्रंथातल्या आकृत्या पाहा. देहातल्या प्रत्येक शिरेला नाव आहे. देहाला नाही.

ग्रंथ निघाला त्याच १८५८ साली कार्टर मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. हे कॉलेज १८४५ साली सुरू झालेले. १८५१ साली पदवी घेतलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते. मृतदेहाला स्पर्श म्हणजे विटाळ मानणाऱ्या समाजातले तरुण विच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिले. ह्याला आपण सुधारणा म्हणतो, आणि ती होतीही. परंतु ह्याच मुंबई इलाख्यात १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा काय झाले? एका मुलाला घेतल्यास इतर सगळे शाळा सोडून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे सांगून मुंबई सरकारने हात झटकले. सवर्णाने मृतदेहाला शिवण्याची तयारी दाखवली. जिवंत महार मुलाशेजारी बसण्याची तयारी नव्हती. ह्या दोन घटनांत फारसे अंतर नसावे आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्या एका पानावर कधी येऊ नयेत, ह्यात काही योगायोग नाही.

कार्टर आळशी साहेब नव्हता, हे मान्यच करावे लागेल. १८६३ ते १८७२ तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. कुष्ठरोग्यांना त्याने तपासले, त्यांची चित्रे काढली आणि १८७४ साली कुष्ठरोगावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याचा दुसरा ग्रंथ आला तो ‘मदुरा पाय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगावर. हा रोग अनवाणी माणसाचा. शेतात काटा मोडतो, जखमेतून बुरशी किंवा जंतू आत जातो, पाय वर्षानुवर्षे सुजत राहतो, त्याला छिद्रे पडतात, हाड पोखरले जाते. त्या काळी पाय कापणे एवढाच उपाय. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात कापलेले पाय कार्टरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि हा बुरशीचा रोग आहे हे दाखवून दिले. त्याचा सन्मान म्हणून ती मानलेल्या बुरशीला कार्टरचे नाव देण्यात आले. रोगाच्या नावात मदुरा शहर राहिले. ज्यांचे पाय गेले ते बाभळीच्या काट्यातून चालणारे कुणबी, शेतमजूर, गुराखी शास्त्राच्या स्मृतीत कुठे राहिले? ह्या रोगाचे औषध शोधण्याची घाईही कोणाला नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याला २०१६ साली जागा मिळाली. कार्टरच्या ग्रंथानंतर १४२ वर्षांनी! चित्र काढले गेले म्हणजे दखल घेतली गेली असे नव्हे, ह्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

१८७७ साली दख्खनच्या दुष्काळातून जीव घेऊन मुंबईला आलेल्या लोकांत एक उलटणारा ताप पसरला. कार्टरने त्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू पाहिले, आणि १८८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या नावातच ह्या तापाचे दुसरे नाव दिलेले आहे, दुष्काळी ताप. वैद्यकाने इथे भुकेला रोगाच्या नावात तरी जागा दिली, हे नमूद केले पाहिजे. पण त्या रक्ताचे थेंब ज्यांनी दिले त्यांना भाकरी देणे ग्रंथाच्या कक्षेबाहेरचे होते.

पुढचा काळ यंत्रांचा. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेनला क्ष-किरण सापडले. त्याने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या चित्रांत त्याच्या पत्नीचा अंगठी घातलेला हात आहे. शोधकाच्या घरचा हात असला की नाव टिकते. व्हिएन्नाच्या पेर्नकोफच्या शरीरचित्रांचा ग्रंथ कौशल्यासाठी दशकानुदशके वाखाणला गेला. १९९८ साली त्याच विद्यापीठाने केलेल्या चौकशीत उघड झाले, की नाझी राजवटीत तिथल्या शरीररचनाशास्त्र संस्थेला १,३७७ मृत्युदंडितांचे देह मिळाले होते. अमेरिकेत १९९३ साली मृत्युदंड दिलेल्या जोसेफ पॉल जर्निगन ह्याचा देह गोठवून एकेक मिलिमीटर जाडीचे १,८७१ छेद घेतले गेले आणि १९९४ साली संपूर्ण मानवी शरीराचा तो चित्रसंग्रह संशोधकांसाठी खुला झाला. देह शास्त्राला देण्यास त्याची संमती होती. त्याचे पुढे नेमके काय होणार हे त्याला माहीत नव्हते. वर्कहाऊसपासून फाशीघरापर्यंत देश बदलले, यंत्रे बदलली. देह पुरवणारा वर्ग बदलला नाही.

आपल्याकडे काय आहे? १९४९ च्या मुंबई अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टनुसार इस्पितळात, तुरुंगात किंवा सार्वजनिक जागी मेलेल्या आणि मुदतीत कोणी न नेलेल्या माणसाचा देह वैद्यकीय संस्थेला देता येतो. असा देह म्हणजे ‘बेवारस’. ह्या शब्दाचा विचार करावा. वारस नसतो कोणाला? गाव सोडून ऊसतोडीला, वीटभट्टीला, मुंबई-पुण्याच्या बांधकामावर गेलेल्याला. ज्याच्या माणसांपर्यंत निरोप पोचत नाही, पोचला तर गाडीभाड्याला पैसे नसतात, त्याला. वारस असतात, पण वारसाहक्क बजावण्याची ताकद नसते. आणि देशातल्या अनेक शवागारांत आजही देह उघडण्याचे, शिवण्याचे काम प्रत्यक्षात कोण करते? गावगाड्यात मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्याच जातींतली माणसे. अहवालावर सही डॉक्टरांची असते. कार्टरच्या नावाचा निदान टाइप लहान होता. इथे टाइपच नाही.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की आपण विच्छेदनाला, चित्रांना, संशोधनाला विरोध करावा. तो आत्मघात होईल. बाबासाहेबांच्या चळवळीने विज्ञानाकडे पाठ फिरवण्याचे कधी शिकवले नाही. क्षयाचा डाग क्ष-किरणाच्या चित्रात वेळेवर दिसला नाही तर मरतो तो आपलाच माणूस. प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा आणि ज्ञानातल्या माणुसकीचा आहे.

ह्या बाबतीत काही बदललेही आहे, आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना माहीत हवे. एके काळी वैद्यकीय नियतकालिकांत रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारून फोटो छापला की लाज राखली असे समजत. आता नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम आहे, की पट्टी पुरेशी नाही. ओळख पटू शकत असेल तर लेखी संमती पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वे सांगतात, की माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. दुसरीकडे, यंत्राला रोग ओळखायला शिकवण्यासाठी चित्रांचे ढीग लागतात. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७ साली खुल्या केलेल्या एकाच संग्रहात ३०,८०५ रुग्णांच्या छातीची १,१२,१२० चित्रे आहेत. उद्या असे ढीग आपल्या जिल्हा रुग्णालयांतूनही उभे राहतील. नावे पुसली जातील. खासगीपणासाठी ती पुसलीच पाहिजेत. पण नाव पुसणे वेगळे आणि विचारणेच टाळणे वेगळे. तसेच आजवर जी नियतकालिके गरीब संस्थांना परवडत नव्हती, ती १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेतून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना वाचता येऊ लागली आहेत. वाचण्याचे दार किलकिले झाले. लिहिण्याचे दार आपल्याला उघडायचे आहे.

म्हणून वाशीमच्या, हिंगोलीच्या, बुलढाण्याच्या नव्या विच्छेदनगृहांत उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून अपेक्षा आहे. गुण मिळवा, पदवी मिळवा, पण तेवढ्यावर थांबू नका. टेबलावरच्या देहाकडे पाहताना हा माणूस इथवर कसा आला हे विचारा. संमतीचा कागद वऱ्हाडी माणसाला कळेल अशा मराठीत लिहा आणि तो वाचून दाखवा. शवागारातल्या कामगाराचे नाव निबंधाच्या आभारात घाला; त्याने केलेले काम तेवढे मोठे असेल तर लेखकांत घाला. आणि स्वतः लिहा. ज्यांचे देह दीडशे वर्षे आकृत्यांसाठी वापरले गेले त्यांच्या घरातला लेखक त्या आकृतीखाली सही करील, तेव्हा शास्त्र बाटणार नाही. ते पहिल्यांदा पुरे होईल.