स्वस्त विजेचं घड्याळ

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात रात्रीची वीज म्हणजे हातात बॅटरी, काठी आणि मनात बिबट्याची धास्ती. शेतीपंपांना पाळीपाळीने दिवसा नाहीतर रात्री पुरवठा. मध्यरात्री उठून दारं धरायला जायचं.

रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांना मात्र तीच रात्र फळली. रात्री १० ते सकाळी ६, युनिटमागे सवलत असायची.

घरांना निवडच नव्हती. इस्त्री केव्हाही करा, दर तोच. चढायचा तो युनिटांच्या टप्प्याने.

मग सौरवीज वाढली आणि घड्याळ उलटं फिरलं. १ जुलै २०२५पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत आली, युनिटमागे किमान ८० पैसे. नेमकी तेव्हा निम्मी माणसं शेतात, उरलेली कंपनीत!