मुंबईत बांधलेली सुहैली

स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी" लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मला हसू आलं. दहावीला इतिहासात मला काठावरचे गुण होते, हे आमच्या १९७५च्या तुकडीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सर आंग्र्यांचं आरमार शिकवत असताना मी खिडकीतून खाडीकडे बघत बसायचो. खाडीत बाबांचा मचवा असायचा. पुढे तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, म्हणून एका शिडाच्या नौकेचा इतिहास सांगतो.

१९६३ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी मुंबईत नौका बांधायला निघाला. इंग्लंडहून मागवलेला आराखडा जुन्या वळणाचा निघाला. दोन डोलकाठ्या, पुढूनमागून निमुळती, रुंद पोटाची, साडेबत्तीस फुटांची नौका. दुसऱ्या नकाशाची वाट बघायला वेळ नव्हता, आणि मुंबईला सागवान मिळत होतं. गोदीतल्या आपल्या सुतारांनी ती हातांनी घडवली. वाकसाने तासून, दोरीच्या सामत्याने भोकं पाडून. डिसेंबर १९६४मध्ये नाळेवर नारळ फोडून ती पाण्यात गेली. नाव ठेवलं सुहैली; अरबी खलाशी आखातातल्या आग्नेय वाऱ्याला या नावाने ओळखतात. त्या सुतारांची नावं मात्र मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाहीत.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटा फॅलमथहून निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतला. ३१२ दिवस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोचला हा एकटा. एवढं सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही असतं. मला त्यात गोडी वाटते ती डागडुजीची.

निघण्याआधी त्याने खाण्याच्या शेकडो डब्यांवरची कागदी वेष्टनं काढली, आत काय आहे त्याची खूण रंगाने केली आणि वर वार्निश चढवलं. कागद भिजून तळाशी चिखल होतो आणि डबा गंजतो, हे बोटीवर राहिलेल्यालाच सुचतं. तरीही केप व्हर्द बेटांच्या आसपास बोटीत पाणी वाढू लागलं. कणा (आपल्याकडे पठाण म्हणतात तो) आणि त्याला लागून असलेली पहिली फळी यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, सुमारे आठ-आठ फूट फट पडली होती. भर समुद्रात बोट वर ओढणार कुठे? हा गडी हातोडी घेऊन पाच फूट पाण्याखाली उतरला. गोरं अंग शार्कला दिसू नये म्हणून गडद कपडे घालून. कापसाचा पीळ फटीत ठोकायचा, दम संपला की वर यायचं, पुन्हा जावं तर पीळ सुटून आलेला. शेवटी त्याने कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर फासलं आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकली. वर तांब्याचा पत्रा. मधे एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली.

पुढे दक्षिण समुद्रात लाटेने बोट आडवी झाली, पिण्याचं पाणी नासलं, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र तुटलं. सागवानाचा सांगाडा मात्र टिकला. १९९१ साली हीच बोट क्रिस बॉनिंग्टन या गिर्यारोहकाला घेऊन ग्रीनलंडच्या मोहिमेवर गेली. त्याने दर्यावर्द्याला डोंगर चढवला आणि दर्यावर्द्याने त्याला शीड शिकवलं, हा सौदा मला फार आवडतो.

मी सुहैली पाहिली ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. आमचं जहाज टिलबरीला लागलं होतं. काचेच्या छताखाली, कोरड्या उबदार हवेत, चकचकीत उभी. आजूबाजूला शाळेची पोरं. मी मात्र वाकून फळ्यांचे सांधे बघत होतो. लाकडी बोटीचं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असेल तोवरच सांधे घट्ट राहतात. इथे ते सुकत होतं. पहारेकऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याचं काही हरवलंय. (मी तेव्हा चाळिशीचाच होतो, पण केस गेले होते.)

नॉक्स-जॉन्स्टनलाही तेच दिसलं असणार. फळ्या आक्रसू लागल्या म्हणून २००२ साली त्याने बोट संग्रहालयातून काढून घेतली. मोठा मान नाकारल्यासारखंच ते, पण मला त्याचं पटतं. नंतर गॉसपोर्टला त्याने स्वतः राबून जुने खिळे-बोल्ट बदलले, २०१६मध्ये ती पुन्हा पाण्यात आली आणि १४ जून २०१८ला, बरोबर पन्नास वर्षांनी, फॅलमथमध्ये शीड लावून फिरली. त्याच वर्षी तिच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन अभिलाष टॉमी प्रदक्षिणेला निघाले होते. वादळात डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली, पण ते वाचले.

ग्रिनिचला मी तासभर उभा होतो त्याचं कारण आमचा मचवा. बाबा दर ज्येष्ठात तो वर ओढून झावळ्यांच्या मांडवात ठेवत, आणि नारळी पौर्णिमेआधी सांध्यांत कापूस ठोकून, तेल लावून पाण्यात सोडत. कापूस ठोकायचं काम माझं. १९८३च्या पावसात बाबा गेले. मी जहाजावर होतो. आईचं पत्र आलं, मचव्याचं काय करू? मी लिहिलं, मांडवात नीट झाकून ठेव, मी आल्यावर बघू. चांगला जपून ठेवतोय असंच मला वाटत होतं. तीन पौर्णिमा गेल्या. आलो तेव्हा फटींत बोट जात होतं. खारव्याने बघितलं आणि मान हलवली.

बहुतेक लाकूड जळणात गेलं. दोन फळ्यांचं बाक करून घेतलं, ते आमच्या पडवीत आहे. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी तुमच्यापैकी सातआठ जण त्यावर बसून चहा प्यायलात. खिळ्यांची भोकं कसली म्हणून कुणीतरी विचारलंही होतं.