धरणापुढील पाण्याचे ‘वाढीव वस्तुमान’: एका संज्ञेचा इतिहास

भूकंपात धरण हलते तेव्हा त्यापुढील पाणीही हलते आणि त्या हालचालीचा दाब उलट धरणावर येतो. ही परस्परक्रिया गणितात कशी बसवावी, या प्रश्नाचे पहिले समर्थ उत्तर वेस्टरगार्ड यांनी १९३३ साली अमेरिकेतील बोल्डर (पुढे हूव्हर) धरणाच्या निमित्ताने दिले. पाण्याचा एक थर धरणाला चिकटून त्याच्याबरोबर हलतो, अशी कल्पना केली म्हणजे पुरते, असे त्यांनी दाखविले. जलाशयाची एकूण खोली व विवक्षित बिंदूची खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन त्याचा सात-अष्टमांश केला की थराची जाडी मिळते.

धरणांच्या गणितात ‘वाढीव वस्तुमान’ ही संज्ञा यावरून रूढ झाली. पण शब्दांच्या बाबतीत नेहमी घडते तेच येथेही घडले. नाव पुढे गेले, अटी मागे राहिल्या. धरण दृढ असावे, त्याचे पाण्याकडील पृष्ठ उभे असावे, जलाशय अमर्याद लांब असावा आणि कंपनाचा आवर्तकाल जलाशयाच्या स्वाभाविक आवर्तकालाहून दीर्घ असावा, या त्या अटी होत.

कोयना धरणाच्या संदर्भात त्या तपासून पाहण्याजोग्या आहेत. १०३ मीटर उंचीचे हे धरण भूकंपगुणक ०.०५ धरून आखलेले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात पायाच्या बोगद्यातील यंत्राने नदीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.४९ पट त्वरण नोंदले. जेथे खालच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो, त्या पातळीवर धरणाला भेगा पडल्या. त्या वेळी पाण्याची खोली सुमारे ९१.७५ मीटर होती. पाण्यातील ध्वनिवेग सेकंदाला १४४० मीटर घेतल्यास जलाशयाची पहिली कंप्रता सेकंदाला सुमारे ३.९ आवर्तने येते. रिकाम्या धरणाची ३ च्या आसपास आहे. दोन्ही इतक्या जवळ असता पाण्याची संपीड्यता बेधडक वगळणे धोक्याचे ठरते. शिवाय धरण दृढ नसतेच. माथा पायाहून अधिक हलतो.

‘परिमित घटक’ हे नाव क्लफ यांनी १९६० साली रूढ केले. या पद्धतीने चोप्रा व चक्रवर्ती यांनी १९७३ साली कोयनेचे विश्लेषण केले, तेव्हा उतारबदलापाशीच काँक्रीटच्या शक्तीबाहेरचे ताण दिसून आले. गुणकाच्या जुन्या रीतीने ही जागा दिसलीच नव्हती.

आज कोयनेचा छेद संगणकीय प्रतिरूपांची कसोटी म्हणून सर्वत्र वापरला जातो. उत्तर भलतेच आले की घटक बारीक करण्याकडे धाव घेण्याची रीत आहे. माझ्या मते ती बहुधा उलटी होय. प्रथम जलाशयाचे दूरचे टोक पाहावे. तेथे भिंत कल्पिली असेल, तर लहरी परतून येतात आणि निसर्गात नसलेले अनुस्पंदन उत्पन्न होते. त्यानंतर वाढीव वस्तुमान पृष्ठाच्या लंबदिशेनेच लावले आहे की उभ्या दिशेनेही, हे तपासावे. तळाचा गाळ लहरी किती शोषतो, याचा विचार फेन्व्हज व चोप्रा यांच्या १९८४ च्या संगणकीय आज्ञावलीत आढळतो.

प्रत्यक्ष कोयनेवर भेगांत इपॉक्सी भरण्यात आले आणि पुढे सांडवा नसलेल्या भागांस मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले.