तेराव्या वर्षी काय शिकवायचं? मुंबईतल्या बेने इस्रायलींची दीडशे वर्षं

मध्य रेल्वेवर सीएसएमटी सोडलं की पहिलं स्टेशन येतं मस्जिद. हे नाव जवळच्या एका सिनेगॉगवरून पडलं, असं सांगितलं जातं. बेने इस्रायली लोक मराठीत आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणायचे, त्यामुळे त्यात नवल नाही. सॅम्युएल इझिकिएल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेलं ते ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं सिनेगॉग.

आता याच लाइनवर पुढे मुलुंडला या. तिथे आठवीत शिकणारं एखादं बेने इस्रायली मूल डोळ्यांसमोर आणा. आडनाव पेणकर किंवा अष्टमकर, घरात मराठी, शाळेत इंग्रजी. वर्गात त्याच्या धर्माचं दुसरं कोणी असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. २००१च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात २,४६६ ज्यू होते. उपनगरातल्या एखाद्या मोठ्या शाळेतसुद्धा याहून जास्त मुलं सापडतील. मग या मुलाला ‘आपण कोण’ हे कळणार कुठून?

माझं एम.एस्सी. जीवशास्त्रातलं आणि पीएच.डी. छोट्या समाजांच्या शिक्षणाच्या इतिहासावर. त्यामुळे ओळख झाली की लोक मला पहिला प्रश्न डीएनएबद्दल विचारतात. तर तो आधी संपवू. २०१६ साली बेने इस्रायलींच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्ही वारसा आहे आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं, असा त्याचा निष्कर्ष होता. निष्कर्ष महत्त्वाचा आहेच. पण शब्बाथ पाळणं जनुकांत नसतं. ते प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावं लागतं. ते कोण शिकवतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय.

कोकणात हे काम घराने केलं. अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते. पण सुंता होती, ‘शेमा’ ही एक प्रार्थना होती, खाण्याचे नियम होते आणि एलियाहू हन्नबीच्या नावाने पोह्या-खोबऱ्याचा मलिदा होता. सणांना मराठी नावं होती : नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. घाणा शनिवारी का थांबतो, हे पोराला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. ते रोज बघत होतं.

मुंबईत आल्यावर हे पुरेना. इथे मिशनऱ्यांच्या शाळा होत्या. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. गंमत बघा, धर्मांतराच्या आशेने शिकवलेली हिब्रू या लोकांनी आपला धर्म नीट वाचायला वापरली. कोचीनच्या ज्यू शिक्षकांचाही यात मोठा वाटा होता. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाची स्वतःची शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आणि १८८०च्या सुमारास बेने इस्रायलींचं मराठी कीर्तन सुरू झालं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा साकी-दिंडीत! शेजारच्या हिंदू समाजाकडून उचललेलं साधन आणि त्यातून शिकवलेला स्वतःचा धर्म.

ही व्यवस्था कशामुळे मोडली? अंतरामुळे. मांडवी, उमरखाडी, भायखळा भागात समाज दाटीने राहायचा. शाळा आणि सिनेगॉग चालत जाण्याइतकं जवळ. १९४८नंतर बरेच लोक इस्रायलला गेले. १९५१ साली देशात सुमारे २६ हजार ज्यू होते, २००१ साली ४,६५०. जे राहिले त्यांतले कित्येक ठाण्याकडे आणि उपनगरांत पांगले. कदूरी शाळेत आज बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. मुलुंडच्या मुलाला ठाण्याचं १८७९चं ‘शआर हाशामाईम’ जवळ पडतं, घाटकोपरच्या मुलाला कुर्ल्याचा प्रार्थना हॉल. पण अंधेरी-बोरिवलीच्या मुलाने सात रस्त्याच्या किंवा भायखळ्याच्या सिनेगॉगला जायचं, तर क्लास, परीक्षा आणि लोकलची गर्दी सांभाळून सुट्टीचा अर्धा दिवस गेला.

युवा कार्यक्रमांची गरज इथे येते. विसाव्या शतकाच्या मध्यात हबोनिम, बने अकिवा यांसारख्या जागतिक ज्यू युवक संघटना मुंबईत काम करत होत्या. १९६०च्या दशकात ओआरटी आणि जेडीसी या संस्था आल्या. पुढे एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटर उभं राहिलं. अशा ठिकाणी सुट्टीतली शिबिरं, हिब्रूचे वर्ग, एकत्र सण आणि बार मित्झ्वाची तयारी होते (मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या जबाबदाऱ्या त्याच्यावर येतात, तो हा संस्कार). तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? माझ्या मते विशेष आहे ते समवयस्कांचं भेटणं. शाळेत एकटं असलेलं मूल इथे दोन-तीन दिवस बहुसंख्याक असतं. थोरली मुलं धाकट्यांना शिकवतात. ओळखी होतात, टिकतात, आणि पालक उघड बोलले नाहीत तरी पुढे लग्नं जमायलाही त्यांचा उपयोग होतो.

पण एक पेच आहे. मुलाची ज्यू म्हणून जाणीव जितकी पक्की, तितकी त्याला इस्रायलची ओढ जास्त. म्हणजे वर्ग चांगला चालला तर तो रिकामा होण्याचा संभव वाढतो! जाणं वाईट असं मी म्हणत नाही, तो ज्याचा त्याचा निर्णय. प्रश्न आहे तो जाताना मूल बरोबर काय नेतं, याचा.

१९६०च्या दशकाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९६२ साली इस्रायलच्या प्रमुख रब्बीने बेने इस्रायलींच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा थांबवणाऱ्यांना ‘तुम्ही नक्की ज्यू का?’ असं विचारलं गेलं. लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत.

यातून शिबिराच्या अभ्यासक्रमाबद्दल मला एक गोष्ट दिसते. जगभरातल्या ज्यू मुलांना येणारी हिब्रू गाणी आपल्या मुलांना यायलाच हवीत. पण ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला त्या गाण्यांत उत्तर नाही. ते उत्तर नवगावात, मलिद्याच्या ताटात आणि दरफाळणीच्या सणात आहे. आज मुलं ‘योम किप्पूर’ म्हणतात, ते बरोबरच आहे. पण घराची दारं लावून तो दिवस पाळणाऱ्या पूर्वजांनी त्याला ‘दरफाळणी’ म्हटलं, हे कळलं की तेच मूल कोकणातल्या किती पिढ्यांशी जोडलं जातं!

केहिमकरांनी ही नावं आपल्या इतिहासात लिहून ठेवली. १८९७ साली लिहिलेलं ते पुस्तक १९३७ साली तेल अवीवला छापलं गेलं, म्हणून ती वाचली. २०१६ साली महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याने दाखला मिळतो. दाखल्यामागची गोष्ट मात्र घरच्या आजीकडे असते. येत्या सुट्टीत मुलं शिबिराला निघतील, तेव्हा एखादा तास तिच्यासाठी ठेवा. तिला मराठीतच बोलू द्या, आणि मुलांना वही घेऊन बसवा.