तळटीप : ६१ ही प्रकृती

१. ग्रंथकर्त्यांनी येथे केवळ ‘आचार्यांची ती प्रचंड संख्या’ एवढाच निर्देश केला आहे. अभिप्रेत संख्या १,७६,६३,१९,०४९ ही होय. ज्या वर्गास ६१ ने (या गुणकास ‘प्रकृती’ म्हणतात) गुणून त्यात १ मिळविला असता पुनश्च पूर्ण वर्गच निष्पन्न होतो तो वर्ग कोणता, हा प्रश्न भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या सुमारास ‘बीजगणिता’त घातला, त्याच्या लघुतम उत्तरात कनिष्ठ पद (मूळ वर्गाचे वर्गमूळ) २२,६१,५३,९८० असून ज्येष्ठ पद (निष्पन्न वर्गाचे वर्गमूळ) उपरोक्त संख्या आहे. ६० या प्रकृतीचे काम ४ व ३१ यांवर, ६२ चे ८ व ६३ यांवर भागते, आणि मधल्या ६१ ला मात्र कोटींच्या घरात शिरावे लागते, हे खरोखर विस्मयकारक आहे. ताळा वाचकांनी स्वहस्ते अवश्य पाहावा : ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट २९,७१८ च्या वर्गाहून बरोबर एकाने अधिक भरते, या दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे कनिष्ठ, आणि २९,७१८ च्या वर्गाच्या दुपटीत १ मिळविला की ज्येष्ठ. आचार्य येथवर चक्रवाल (चक्राकार पुनरावर्तनाच्या) पद्धतीने, अल्प आकडेमोडीत पोचतात. फ्रान्सच्या फर्माने हाच ६१ चा प्रश्न १६५७ साली समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेविला होता.

आचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन पुढे त्यांच्या घराण्यातही चालले : देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी चांगदेव हा आचार्यांचा नातू. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ त्याने स्थापिलेल्या मठाचा व त्यास मिळालेल्या दानाचा शिलालेख, औरंगाबादेहून कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावनजीक लागणाऱ्या पाटण येथे आहे. ज्ञानेश्वरकालीन योगी चांगदेव निराळे.