मुंबईतील इटालियन संगीत आणि गोमंतकीयांचे तियात्र

श्रोतेहो, पोटापाण्यासाठी गाव सोडणारा मनुष्य आपल्याबरोबर काय नेतो? एक ट्रंक, दोन कपडे, देवाची तसबीर आणि आपली बोली. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर परक्या शहरात नवे नाट्य उभे राहू शकते, याचे एक बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. त्याच्या मुळाशी इटालीचे संगीत आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

एकोणिसाव्या शतकात गोव्याहून हजारो लोक मुंबईस आले. कोणी आगबोटीवर खलाशी झाले, कोणी स्वयंपाकी, कोणी बँडवाले. त्यांच्यासाठी धोबीतलाव आणि आसपासच्या भागात ‘कूड’ निघाले. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालविलेले बिऱ्हाड. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, एका बाजूस वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची रोझरीची प्रार्थना, असा तेथील क्रम असे. जहाजावरून उतरलेल्या माणसाला तेथे आपला गाव भेटे. करमणुकीसाठी ही मंडळी गावाकडचे ‘खेळ’ करीत. तथापि त्यांतील काही खेळ पुढे ग्राम्य होत गेले आणि जाणत्या लोकांना ते रुचेनासे झाले.

याच सुमारास युरोपातील नाटक मंडळ्या मुंबईस येत असत. बार्देशातील आसगावचे लुकाझिन्यो रिबेरो यांनी एका इटालियन ऑपेरा मंडळीचे प्रयोग पाहिले आणि ते भारून गेले. ती मंडळी परत निघाली तेव्हा त्यांनी तिचे काही पोशाख विकत घेतले, असे परंपरा सांगते. पुढे कायतानिन्यो फर्नांडिस, जुआंव आगुस्तीन फर्नांडिस आदी सोबत्यांना घेऊन १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात त्यांनी ‘इटालियन भुरगो’, म्हणजे ‘इटालियन मुलगा’, हे कोंकणी नाटक रंगविले. तियात्राचा जन्म येथे मानला जातो. ‘तियात्र’ हा शब्दही पोर्तुगीज ‘तेआत्रु’वरून आलेला आहे.

आता प्रश्न असा की, इटालियन भाषेचा गंध नसलेल्या या लोकांना ते संगीत इतके जवळचे कसे वाटले? त्याचे उत्तर गोव्यातील चर्चच्या शाळांत सापडते. तेथे मुलांना सोल्फा, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. हा सोल्फा तरी मूळचा कोठला? अकराव्या शतकात ग्वीदो नावाच्या इटालियन संन्याशाने संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आरंभीची अक्षरे घेऊन स्वरांना नावे दिली. आपल्या ‘सा रे ग म’प्रमाणे ती नावे मुलांच्या तोंडी बसली. म्हणजे मुंबईच्या रंगभूमीवर ऑपेरा येण्याच्या कितीतरी आधी इटालीचे स्वर गोव्यातील खेड्यांत पोहोचले होते. कान तयार होता. निमित्त तेवढे हवे होते.

तथापि तियात्र ही ऑपेराची नक्कल नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ऑपेरात कथाच गाऊन सांगितली जाते. तियात्रात कथा बोलून सांगतात. तिचे सहा-सात ‘पडदे’ असतात आणि दोन पडद्यांच्या मध्ये ‘कांतारां’ गातात. या गीतांचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. महागाई, पुढाऱ्यांचे वर्तन, सासू-सुनेचे भांडण, काहीही त्यांत येते. ज्या गरिबाला सभेत बोलता येत नाही, त्याचे म्हणणे कांतारकार हजार लोकांसमोर मांडतो.

जुआंव आगुस्तीन फर्नांडिस यांनी या कलेला आकार दिला. म्हणून लोक त्यांना ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्रकारांचे जनक, म्हणतात. त्यांच्या १९०४ सालच्या ‘भाटकार’ या तियात्रात जमीनदाराने कुळावर केलेल्या जुलमाचा विषय होता. त्यात त्यांच्या पत्नी रेजिना यांनी भूमिका केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०५ साली, बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि स्त्री-भूमिकांसाठी गाजले, हे स्मरले म्हणजे रेजिनाबाईंचे धैर्य कळते.

मुंबईत जन्मलेले हे नाट्य पुढे गोव्यात रुजले. २००९ साली तेथे तियात्र अकादमी स्थापन झाली. मडगावच्या रवींद्र भवनातील सभागृहाला पाय तियात्रिस्तांचे नाव आहे. इकडे मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस दीर्घकाळ बंद राहून २०१६ साली पुन्हा उघडले, तेव्हा तेथे मूळच्या गोमंतकीय घराण्यातील पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन झाले.

आम्ही सावरगाव, पांढुर्णा, सौंसर भागातील मराठी लोक गाव न सोडताच परभाषी राज्यात आलो. १९५६ साली सीमा आखल्या गेल्या आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमची भजने, आमची दंडार आणि आमची बोली टिकेल काय, ही चिंता आम्हांसही आहे. कुडांतील त्या माणसांनी आपली भाषा केवळ जपून ठेवली नाही. परक्यांचे सूर घेऊन त्यांनी तीत आपल्या आजच्या सुखदुःखाची नाटके केली. वर्षातून एकदा सांस्कृतिक मेळावा भरवून जुनी गाणी म्हणणे चांगलेच आहे. पण आपल्या मुलांनी मराठीत नवे गाणे रचले, तर त्या मेळाव्याचे खरे सार्थक होईल.